लॉक की की

झटका आला त्या रात्री विनिफ्रेड ऑल्ड्रॉइडची
सगळी इंग्रजी वाहून गेली.
गाळ बसल्यावर दोन शब्द उरले.
लॉक.
की.
हेच दोन का, ते डॉक्टरला सांगता येईना.
कालव्यावरचे लोक म्हणाले, त्यात काय,
चाळीस वर्षं लॉक-कीपरची बायको होती,
दुसरं काय उरणार?

मी रोज पावणेआठला जाते.
दाराशेजारी आकड्यांची पेटी, पेटीत किल्ली.
पाऊल आत पडायच्या आधी खुर्चीतून हाक: लॉक.
म्हणजे दार लाव, वारा येतोय.
किंवा, केस विंचर.
पहिल्या आठवड्यात मी तीनदा दार लावून आले
आणि ती कपाळावरची पांढरी बट ओढत बसली,
लॉक, लॉक, लॉक,
जणू कुलूप माझ्याच अकलेला.

स्पीच थेरपीवाली इमोजेन चित्रांची कार्डं आणते.
किटली दाखवली. की.
मांजर. लॉक.
इमोजेननं वहीत फुली मारली.
हे घरातलं मांजर लॉकच्या पाण्यात सापडलं होतं,
तोंड बांधलेल्या पोत्यात,
ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शब्दकोशात अर्थांना आकडे असतात.
विनिफ्रेडकडे एक डावा हात आहे.
मूठ गोल फिरली, तर की म्हणजे लोखंडी दांडा,
ज्यानं क्लिफर्ड झडपा उघडायचा
आणि नावा पायरी चढल्यासारख्या वर यायच्या.
बोटं मांडीवर आपटली, तर चर्चच्या हॉलमधल्या पियानोची पट्टी,
दाबली की खाली जाणारी,
वर यायचं विसरणारी.
बोटं थांबून ती नुसती गुणगुणली, तर तीही की,
गाण्याची.

मी हसले. माझी भाषा तरी कुठे साधी आहे!
पियानोची ती पट्टी, गाण्याची ती पट्टी,
तुझ्या पायाच्या जखमेवर रोज बदलते तीही,
आणि पालिकेला भरतो ती पाणीपट्टी.
हे मी तिला मराठीत सांगितलं.
तिनं ऐकून घेतलं. तिला आता
सगळं सारखंच परकं.

भिंतीवर चिखलानं माखलेले पंधरा पुरुष.
तिनं मागच्या रांगेतल्या दांडग्यावर बोट ठेवलं: लॉक.
हो, म्हटलं, लॉक-कीपर.
नाही, नाही, मान हलली.
शेवटी शेजारचे हेपवर्थ आजोबा दूध द्यायला आले आणि म्हणाले,
अगं, रग्बीतला लॉक! दुसऱ्या रांगेतून रेटा देणारा.
क्लिफर्डचे कान बघ, घासून घासून कोबी झालेत.
विनिफ्रेड इतकी हसली
की चहा सांडला.

मग कालव्याचा जुना नकाशा निघाला.
की, की, करत तिचं बोट डाव्या कोपऱ्याकडे धावलं,
जिथे खुणांचे अर्थ लिहिलेले असतात.
तो कोपरा उंदरांनी खाल्लेला.

काल तिनं बिस्किटांचा डबा मागितला.
तळाशी पाकीट, पाकिटात दोऱ्यानं बांधलेली
तांबूस केसांची बट, बोटाच्या पेराएवढी.
लॉक, ती म्हणाली. इतक्या हळू,
की मांजरानंही कान टवकारले नाहीत.
या घरच्या कुठल्याच फोटोत कुणाचे केस तांबूस नाहीत.
हेपवर्थना विचारलं. ते दुधाची बाटली या हातातून त्या हातात करत राहिले
आणि पावसाचं बोलले.

आज मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.
बट तिच्या तळहातावर.
बाहेर कुणीतरी लॉक भरत होतं.
दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येईतो
ते लाकडी दार बैल लावले तरी हलत नाही.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, की.
हात हलला नाही. बोटं नाहीत, मूठ नाही.
तिच्या भाषेत तो शब्द तिथे संपतो.
माझ्या भाषेत तिथून वाक्य सुरू होतं.
मी थांबले.
विनिफ्रेड म्हणाली की